डॉरथीबाईंच्या वडिलांचा आवाज

४ एप्रिल २०२०, हार्लेम
शेजारच्या डॉरथीबाईंशी आज पहिल्यांदा नीट बोलले, बाल्कनीतून. इतकी वर्षं नुसतं गुड मॉर्निंग. नव्वदीला टेकल्यात. मूळच्या इंग्रज, डच माणसाशी लग्न होऊन इथे आल्या. वडील सिनेनट! नायक नव्हे. बटलर, हवालदार, गाडीवान. “दार उघडायचे, नाहीतर पहिल्याच रिळात मरायचे,” म्हणाल्या. खूप हसलो. कितीतरी दिवसांनी.

७ एप्रिल
मूकपटात वडिलांना कुणी विचारलं नाही. बुटके, नाक भलं मोठं. गावोगाव नाटकं करत फिरले. मग बोलपट आला. भल्याभल्या देखण्यांचे आवाज पडले, यांचा चालला. पन्नाशीत एकदम मागणी! एका वाक्यासाठी का होईना, पण बोलावणं यायचं.
डॉरथीबाई सहा वर्षांच्या असताना वडील गेले. फोटो आहेत. “आवाज मात्र अजिबात आठवत नाही गं.”
निखिल म्हणाला, “तू दिवसभर ऑडिओचंच काम करतेस. शोध की.” नवरे कधीकधी बरं बोलतात.

१९ मे
फिल्म संग्रहालयांना ईमेल. दोघांकडून उत्तर: त्यांचे सिनेमे आता शिल्लक नाहीत. तिसरीकडून काहीच नाही. डॉरथीबाईंना सांगितलं नाही अजून.

२ नोव्हेंबर
डॉरथीबाईंना कोविड. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी नेलं. खिडकीतून हात केला, त्यांनी बघितला की नाही कोण जाणे. भेटायला बंदी.

९ नोव्हें.
तिसऱ्या संग्रहालयाचं उत्तर आलं! एक रीळ सापडलंय, यात ते स्टेशनमास्तर. फाइल पाठवली आहे. आवाज म्हणजे नुसती खरखर. ऑफिस संपल्यावर साफ करत बसते. त्या परत येतील असं धरूनच.

५ डिसें.
आल्या! वाळल्यात, पण आल्या. लॅपटॉप कठड्यावर ठेवला, स्पीकर त्यांच्याकडे वळवला. स्टेशनमास्तर म्हणतो, “गाडी गेली, बाईसाहेब. पण चहा गरम आहे.”
डॉरथीबाईंनी कान पुढे केला. मग म्हणाल्या, “हा बाबांचा आवाज नाही.”
मी फाइलचं नाव परत तपासलं.
आणि एकदम हसायला लागल्या. “अगं, हे माझे आजोबा! बाबांनंतरही पाच-सहा वर्षं होते, त्यांचा आवाज पक्का आठवतो. हुबेहूब! बाबांनी त्यांची नक्कल केलीय!” हसता हसता डोळे पुसले. “परत लाव.” लावलं. परत. परत.

१० जाने. २०२१
पण मग त्यांचा स्वतःचा आवाज कसा होता? दोघींच्या डोक्यात तेच. संग्रहालय म्हणतं, आणखी एक डबा आहे, लेबल निघालेलं. लॉकडाऊन उठला की उघडून बघतील. कदाचित त्यांचाच, कदाचित नाही.
विचारलं, “आणि तिथेही दुसऱ्याच कुणाचा आवाज निघाला तर?”
“तर तो कुणाचा ते सांगायला मी हवी ना!” म्हणाल्या, आणि लस कधी मिळणार विचारायला डॉक्टरांना फोन लावला.