धाकट्याच्या फोटोचा रंग

९ फेब्रुवारी, रविवार

भावजयीने आईला धाकट्याचा फोटो आणून दिला. फ्रेमसकट. त्याला जाऊन उद्या तीन महिने होतील. आईने तो दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, "अगदी आत्ता बोलेल असं वाटतंय गं!" भावजय तिच्या शेजारी बसून होती, पाठीवर हात ठेवून. मी चहा केला.

फोटो मी काढलेला आहे! गेल्या जूनमधला. दोघं इथे जेवायला आले होते, तेव्हा माझ्याच बाल्कनीत, माझ्या फोनवर. तो धडधाकट होता तेव्हाचा. मीच तिला पाठवला होता. तिने फक्त घरच्या प्रिंटरवर छापला, माझ्याकडे आहे तसल्याच. पण आईने विचारलं का, कुणी काढला? आणि तिने तरी सांगितलं का?

येणारे-जाणारे सगळे तिलाच भेटायला जातात. नवरा गेला म्हणजे सगळं गेलं. भाऊ गेला तर दुकानातून चार दिवसांची सुट्टी मिळते.

१० फेब्रुवारी

ठरलं. त्याच फोटोची मोठी प्रत मी काढणार. आईच्या पलंगासमोर माझी लागेल. तिची हवी तर कपाटावर राहू दे.

काढली. चेहरा पिवळट-हिरवा आणि मधून आडव्या पांढऱ्या रेघा! धाकटा गेल्यापासून प्रिंटर लावलाच नव्हता. शाई वाळली असणार.

१२ फेब्रुवारी

चाचणीचं पान काढलं. काळ्या, निळ्या, पिवळ्या रेघा सलग. गुलाबी सगळ्या तुटक. म्हणजे गुलाबी शाईच नीट येत नाही, म्हणून पिवळा वर येतो. हेड साफ करायचा पर्याय दोनदा चालवला. थोडं सुधारलं. पुस्तिकेत लिहिलंय – लागोपाठ करू नका, शाई उगाच जाते, मध्ये काही तास जाऊ द्या. थांबले आहे.

आई भावजयीशी फोनवर पाऊण तास बोलली. "जेवलीस का? झोप लागते का?" माझ्याशी एका घरात राहून दिवसात दहा वाक्यं होत नाहीत. त्यातली चार औषधांची.

१३ फेब्रुवारी

चाचणीचं पान स्वच्छ! एकही रेघ तुटलेली नाही. लगेच फोटो काढला. शर्ट बरोबर आकाशी. मागची भिंत पांढरी. चेहरा पिवळाच.

मग लक्षात आलं, साध्या कागदाचा पर्याय राहिला होता. फोटोच्या कागदाचा केला. फरक पडला! सगळे रंग भरून आले. चेहऱ्याचा पिवळाही.

एकवीस वर्षं मी दुकानात कापडाला दोरा जुळवून देते. लाल रंगाच्या चाळीस छटा, रिळावरचा नंबर न बघता. गिऱ्हाईक मालकांनाही बाजूला सारतं – "ताईंना बघू द्या, त्यांची नजर चुकत नाही." आणि सख्ख्या भावाचा रंग मला जमेना. तिला जमला! जी त्याच्या बॅगेत एक काळा आणि एक निळा मोजा घालून पाठवायची. हे मी त्याला एकदा ऐकवलं होतं. हसला नुसता. म्हणाला, "ताई, मोजे बुटातच असतात गं."

१४ फेब्रुवारी

जळते मी तिच्यावर. लिहून टाकलं की बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

१५ फेब्रुवारी

प्रिंटर दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. वयस्कर माणूस, चष्मा कपाळावर. चाचणीचं पान खिडकीशी नेऊन बघितलं. मग म्हणाला, दुसरा एखादा फोटो द्या. दुकानातल्या रिळांच्या कपाटाचा दिला. चाळीसच्या चाळीस लाल जसेच्या तसे आले! मी स्वतः तपासले.

"मॅडम, मशीनला काहीही झालेलं नाही. या फोटोतसुद्धा भिंत बघा, शर्ट बघा. फोटोच तसा आहे."

"माझा भाऊ आहे तो. त्याचा रंग मला माहीत नसेल?"

"मी कुठे नाही म्हणतो? पिवळा थोडा कमी करून घ्या. लोक करतात."

"लोक नवरीला गोरी करतात. मला तो होता तसाच हवाय."

त्याने चष्मा खाली घेतला, फोटो परत एकदा बघितला आणि बॅग आवरली. चहालाही थांबला नाही.

आई तिकडून ओरडली, "अगं, कशाला एवढा खटाटोप? तिने दिलाय ना चांगला!"

१६ फेब्रुवारी, रविवार

भावजय आली. आई आंघोळीला गेली होती. टेबलावर माझ्या सहा प्रती पसरलेल्या. झाकायला वेळच मिळाला नाही. मग विचारलंच, जीभ रेटत नव्हती तरी – "तुझ्या प्रिंटरला कोणतं सेटिंग ठेवलं होतंस?"

ती उभीच होती. एक प्रत उचलली, परत ठेवली.

"सेटिंग काही नाही, ताई. मी फोनवरच त्याच्या चेहऱ्यातला पिवळा काढून टाकला. आईंना तसा दिसायला नको म्हणून."

"तसा म्हणजे?"

"तो होताच तसा त्या दिवशी. खोलीत कळलं नाही, बाल्कनीत उजेडात आला तेव्हा दिसलं. डोळेपण पिवळे होते. तुमच्यासमोर काही बोलले नाही. घरी जाताना रस्त्यात भांडले त्याच्याशी, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे ओढत नेलं. त्यातूनच पोटातली गाठ कळली ना."

मी प्रती गोळा करायला लागले.

"मला वाटलं, तुम्हाला तर माझ्याआधी दिसलं असेल. तुमची नजर..."

आईने आतून टॉवेल मागितला. तीच द्यायला गेली.

१७ फेब्रुवारी

जूनमधला तो दिवस सकाळपासून आठवते आहे. तिने मोरपिशी कुर्ता घातला होता. डाव्या बाहीची शिवण उसवून परत घातलेली, दोरा एक छटा फिका. आईला तिने दोनदा वाढलं. फोटो काढताना ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहते की काय, म्हणून मी दाराकडे बघत होते.

धाकटा कसा दिसत होता, ते आठवत नाही.