शुक्रवारची झडती

मद्रास, ८ मार्च १९५८

प्रिय आई,

नगरच्या घरी सगळ्यांना तुझ्या मार्थाचा सलाम. तब्येत बरी आहे, नर्सिंगचा अभ्यास ठीक चालला आहे, आणि तिन्ही त्रिकाळ भात खायचीही सवय झाली.

हॉस्टेलात दर शुक्रवारी प्रार्थनेला प्रत्येकीने मन तपासून एक गुप्त पाप मोठ्याने कबूल करायचं असतं. काय एकेकीची पापं! एकीने कॉफी दोनदा घेतली. दुसरीला उपदेशात डुलकी लागली. मेट्रनबाईंचं पाप काय, तर त्या फार मायाळू आहेत! असली धुतलेली पापं देवापुढे वाळत घालायची आणि वर रडायचं. मी आपली सरळ सांगते, "शोधलं, काही सापडलं नाही."

काल माझ्याच खोलीतली ज्ञानमणी उठली. म्हणाली, "इथल्या एकीचा मी महिनाभर मनातून द्वेष करते आहे." मला हसूच आलं. मग खोलीत येऊन तिने माझेच हात धरले आणि माफी मागितली. मी केलं माफ. आपण कशाला मन कोतं करायचं?

वहिनीने माझ्या दोन्ही पत्रांना उत्तर दिलं नाही. तिला काय झालंय?

ज्ञानमणीला कारण विचारायचं धाडस मला होत नाही. तू मला लहानपणापासून ओळखतेस; तुला ठाऊक असेल, आई, तर लिही.

तुझी,
मार्था