पिवळ्या मैदानावरचं घर

प्रिय कुमुद,

आज सकाळी एका परक्या बाईच्या तोंडून तुझं नाव ऐकलं, म्हणून लिहायला बसले. नाहीतर माझी हिंमत कुठली!

बोअरवेलच्या पाण्याचा नमुना घ्यायला सरकारी लॅबमधून त्या आल्या होत्या. खालच्या दुकानांपुढे विचारत होत्या, "ये कुमुद मैडम कहाँ रहती हैं? शिकायत उन्हीं की थी, सैम्पल उनके सामने लेना है, फाइल में लिखा है." किराणावाल्यानं मान हलवली. शिंप्यानंही. इथे तुला कोणी म्हणजे कोणी ओळखत नाही गं! मी भाजीची पिशवी घेऊन तिथेच उभी होते. म्हटलं, "वो नहीं रहीं." त्यांनी विचारलं, "आप कौन?"

काय सांगणार होते मी? "सहेली," एवढंच म्हटलं. माझा मलाच तो शब्द टोचला.

हो, मी इथेच राहते, पिवळ्या मैदानावर. तिसऱ्या मजल्यावर, खाली दुकानं, पलीकडे दवाखाना, वाचनालयाची खोली. गाड्या फाटकाशीच थांबतात, आत सगळी माणसं पायी. आठवतं, भाजीसाठी आपण धातूला मुलामा देणाऱ्या त्या बंद प्लेटिंग कारखान्याच्या भिंतीला केवढा वळसा घालायचो? आता मधून सरळ वाट आहे. सहा मिनिटांत सोनागिरीचा बाजार येतो. इतक्या लवकर येतो की दिवस उरतो, आणि त्याचं काय करायचं ते कळत नाही.

त्या भिंतीच्या कडेलाच आपली ओळख झाली ना! तू पुढे, भरभर. मला मराठीत फोनवर बोलताना ऐकलंस आणि गर्रकन वळून म्हणालीस, "नागपूरच्या का तुम्ही?" मी साताऱ्याची निघाले तर तुझा चेहरा पडला! तरी दुसऱ्या संध्याकाळी थांबलीस. मग अकरा वर्षं थांबत राहिलीस.

भिंत पडली होती तिथून तू आत वाकून बघायचीस. डबक्यातलं पाणी पिवळंधमक. तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काढलेली तू, म्हणायचीस, "शैला, हा रंग मातीचा नाही." मी म्हणायचे, चल बाई, भाजी संपेल.

मग तिथे घरं होणार अशी पाटी लागली. आमचे हे गेल्यावर कंपनीचं क्वार्टर सुटलं होतं, अयोध्या नगरात मी भाड्याच्या एका खोलीत होते. घरमालक दर सणाला विचारायचा, "आंटी, बेटे के पास कब जा रही हो?" मला कुठला बेटा! मी पहिल्याच आठवड्यात घर नोंदवलं. सगळ्यांत आधी तुला सांगितलं. तू खूश झालीस, आणि लगेच म्हणालीस, "पण माती तपासली का त्यांनी?"

घर नोंदवलेल्यांच्या सभेला तू माझ्यासोबत आलीस, आणि तेच विचारायला एकटी उभी राहिलीस. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "मैडम, आपको तो यहाँ रहना भी नहीं है. बनने दीजिए." तू म्हणालीस, "भोपाल में रहके मिट्टी-पानी का नहीं पूछेंगे, तो कहाँ पूछेंगे?" मी तुझ्या शेजारीच बसले होते. मान खाली घालून.

परत येताना रस्त्यात भांडले मात्र मी. "तुझं स्वतःचं घर आहे, तुला थांबायला काय जातं!" तू काहीच बोलली नाहीस. एक शब्द उलटा बोलली असतीस तर मी रडले असते आणि सगळं मिटलं असतं. का नाही बोललीस?

मग तुझ्याविरुद्ध एक अर्ज फिरला. ही बाई मुद्दाम खोडा घालते आहे, असं त्यात लिहिलं होतं. मी त्यावर सही केली. वाचून केली, कुमुद. चष्मा लावून.

तू तरी अर्ज करत राहिलीस, माती तपासायला लावलीस. पुरुषभर खोल विष निघालं. दोन पावसाळे काम बंद. ताडपत्री घातलेले ट्रक ती माती घेऊन जात राहिले, बाहेरून नवी माती येत राहिली. मी खोलीत बसून तुझ्यावर चिडत राहिले. भिंतीपाशी यायचं तर केव्हाच सोडलं होतं. पुढे भाजीवाली म्हणाली, "वो दीदी पंद्रह दिन खड़ी रहीं आपके लिए." पंधरा दिवस! आणि एक फोन नाही करवला तुला? केवढी गं ताठ तू!

तू आजारी असल्याचं कळलं तेव्हा साकेत नगरला तुझ्या इमारतीपर्यंत आले होते मी. डब्यात मऊ भात, मेतकूट. लिफ्टपुढे रांग होती म्हणून परत फिरले. रांग फार मोठी नव्हती. तू दार उघडताच तोंड फिरवशील, याची भीती वाटली. तो डबा मी घरी येऊन एकटीनं खाल्ला. चौथ्या दिवशी तू गेलीस.

तू गेल्यावर तुझी बहीण मला भेटायला आली. म्हणाली, "ताई विचारायची, शैलाला घर मिळालं का?" मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.

आज त्या बाईंनी बाटल्या भरल्या, झाकणं लावली. मी शेवटपर्यंत उभी होते. तुझ्या नावापुढे 'दिवंगत' असं लिहून त्यांनी विचारलं, "आगे किसका नाम डालूँ?" मी माझं सांगितलं. अक्षर न् अक्षर सांगितलं. हक्क नाही मला, तरीही.

रविवारी इथे सगळ्यांची सभा आहे. बिल्डरचा सत्कार ठरलाय, शाल आणलीय. इथली लेकरं मातीत लोळतात, त्यांच्या आयांना वाटतं ही जमीन अशीच होती. मी उठून सांगणार आहे, की ही माती तू बदलायला लावलीस. आणि तुझ्याविरुद्धच्या अर्जावर माझी सही होती, तेही सांगणार आहे. मग इथे माझ्याशी बोलायला कोणी उरलं नाही, तरी चालेल. हा शब्द मी मोडणार नाही, कुमुद.

तुझी,
शैला