पळालेल्या तुकडीचा नियम

सर, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली तरी माझा राग उतरलेला नाही, म्हणून हे लिहितोय. लोक अजून तुमच्याबद्दल गहिवरून बोलतात. मी तिथून उठून जातो.

राजापेठेतलं तुमचं स्वयंपाकघर आठवतं. रविवारी दुपारी ताटं उचलली की काकू जेवणाच्या टेबलावर हिरवी चादर अंथरून द्यायच्या आणि तिच्यावर आपण जुन्या लढाया लढायचो, तोफा येण्याच्या आधीच्या. हत्ती, भालाईत, घोडेस्वार. पुठ्ठ्याच्या पट्टीवर मातीचे आठ शिपाई म्हणजे एक तुकडी. चाल फूटपट्टीने मोजायची, मार फाशाने ठरवायचा, वाद झाला की तुमची नियमांची वही उघडायची. मी स्वतः शाळेत इतिहास शिकवायला लागलो होतो, पण त्या टेबलाशी तुमचा कॉलेजातला विद्यार्थीच राहिलो. पहिली फौज मी आमच्या धामणगावच्या वावरातल्या काळ्या मातीची केली. आठ दिवसांत सगळ्यांना भेगा, निम्म्यांची मुंडकी गळालेली. तुम्ही पोट धरून हसलात. "शेतकऱ्याचा पोट्टा ना तू? काया मातीले भेगा पडते हे तुले मी सांगू काय?" मग कुंभाराच्या मातीचा, स्वतःच्या हातचा एक हत्ती मला दिलात. तो मी इतका जपला, याचाही आता राग येतो.

ती वर्षं वाईट होती. सकाळी पेपर उघडायची भीती वाटायची, रोज कुणा शेतकऱ्याने जीव दिल्याची बातमी. माझा मोठा भाऊ वावर विकून पुण्याला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून निघाला होता, आणि जाता जाता मला भेटायला तुमच्या घरी आला. काकूंनी त्याला चहा दिला. तो स्टुलावर बसून आपला डाव बघतोय. तुमच्या हत्तींनी माझे भालाईत फोडलेत, ते टेबलाच्या काठाकडे पळतायत. मी म्हणालो, सेनापती जवळ पोचला तर पळणारे थांबू शकतील, असा एक नियम करू या. तुम्ही माझ्याकडे पाहिलंच नाहीत. तुकडी उचलून बिस्किटांच्या डब्यात टाकलीत. "जो पयाला तो गेला. त्याले पटावर परत जागा नाई." आणि भावाकडे वळून, "तुमच्यासारख्या पयपुट्यायनंच वऱ्हाडाची वाट लावली."

भावाने कप खाली ठेवला. "बरोबर हाये सर," म्हणाला, आणि हसला. तुमच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, सर. तीन वर्षं पेरून हाती काही न लागलेल्या माणसाला तुम्ही पंख्याखाली बसून पळपुटा म्हणालात, आणि मी फक्त त्याची पिशवी उचलली. त्याला स्टेशनवर सोडलं आणि पुन्हा तुमचा उंबरा चढलो नाही.

पुढे अकोल्याला बदली झाली. तिथे मी माझी वही केली. तिच्यातला पहिलाच नियम तुमच्या नाकावर टिच्चून लिहिला: पळणाऱ्या तुकडीच्या वीतभर अंतरात सेनापती आला, तर तिने फासा टाकलाच पाहिजे. पाच किंवा सहा पडले तर ती थांबते, तोंड वळवते, पुन्हा उभी राहते. पाचपेक्षा कमी पडले तर खुशाल पळू दे.

शेवटच्या आजारपणात तुमचा फोन आला. आवाज ओळखू येईना. "कावून येऊन नाई राहिला बे? ये, एक डाव टाकू." माफीचा शब्द नव्हता. तरी मी हत्ती पिशवीत घेऊन गाडीत बसलो. तुमच्या गावाची गाडी धरायला बडनेऱ्याला उतरलो, फलाटावर चहा प्यायलो आणि परतीच्या गाडीत चढलो. जो पळाला तो गेला, तुमचाच नियम तुम्हाला लावला, असं घोकत घरी पोचलो. बारा दिवसांनी तुम्ही गेल्याचं कळलं.

हे पत्र माझ्या वहीतच राहील. भावाला जे बोललात त्याची माफी तुम्हाला आजही नाही. पण त्या फोनमध्ये सेनापती वीतभर अंतरात आला होता, सर. फासा टाकलाच पाहिजे, असं मीच लिहून ठेवलं होतं. मी तो टाकला नाही.