बारशाचे दुपटे

चिंचवड,
ता. २२ मार्च १९५५

सौ. रुक्मिणीबाई यांस,

नमस्कार.

परवा तुमचे चिरंजीव ज्योतीराम येथे निरोप घेऊन आले, म्हणून हे पत्र लिहावे लागत आहे. "जिला तान्हं पोर सांभाळता आलं नाही, तिला आमच्या घरात जागा नाही," हे शब्द तुमचे आहेत असे त्यांनी सांगितले. कुसुमच्या वडिलांनी, बबनरावांनी, ते मला येऊन सांगितले आणि दारातच खाली बसले. कुसुमने सव्वा महिन्याच्या आत बाळाला घराबाहेर काढले, म्हणून त्याला देवी आल्या, असे तुम्ही समजता. तसे झालेले नाही.

मी तुम्हाला आठवत असेन. बारशाला दुपटे घेऊन आलेली चष्म्याची बाई. कुसुम लग्नाआधी दोन वर्षे माझ्या वर्गात होती. शनिवारी दुपारी गावातल्या आणि पिंपरीकडच्या बायका माझ्या पडवीत जमतात. कुंच्या, चिंध्यांच्या बाहुल्या, फुटक्या बांगड्यांची तोरणे, असे घरच्या घरी करून कोणाला देता येईल ते शिकतात. पूर्वी पंधरा-सोळा जणी असत. आता सहा येतात. तुमच्या चाकणला यंदा कांदा बरा आला असे ऐकते.

तारखा पाहा. बारसे वीस डिसेंबरला झाले. कुसुम बाळाला घेऊन देवळापर्यंत गेली ती एकोणतीसला, जेमतेम पन्नास पावले. ताप आला एक जानेवारीला. लस टोचायला येणारे मीरासाहेब सांगतात की लागण झाल्यावर ताप यायला दहा ते चौदा दिवस लागतात. देवळातून लागण झाली असती तर तीन दिवसांत ताप आला नसता. म्हणजे ती बारशाच्या सुमारास झाली, आणि तेव्हा बाळ खोलीतच होते. बारशाला आलेली माणसे सगळी धडधाकट आहेत. मी एकेकीकडे जाऊन विचारले.

आता दुपट्याबद्दल.

तान्ह्या बाळाला नवे कापड लावत नाहीत, जुने आणि मऊच लावतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. वर्गात बायका जुनी लुगडी आणून देतात. अठरा तारखेला पिंपरीच्या बांधकामावरची एक बाई इरकली लुगडे घेऊन आली. फी द्यायला तिच्याकडे काही नव्हते. लुगडे निळे, लाल काठाचे, वापरून सायीसारखे झालेले. दुपट्याची आतली बाजू मी त्याची केली. टाके सगळे माझे आहेत. वर्गातल्या कोणीही त्याला हात लावला नाही.

ते कापड स्वच्छ दिसत होते, असे मी आधी लिहिणार होते. दिसत होते हे खरे आहे. पण अंबूबाईने मला सांगितले होते. अंबूबाई वर्गातलीच, बांधकामावरच्या झोपड्यांत ताक विकते, आणि तिचा चेहरा लहानपणच्या देवींनी भरलेला आहे. लुगडे मी मापाला पसरले तेव्हा ती म्हणाली, "बाई, त्या घरात आई येऊन गेल्यात. हे लुगडं तान्ह्याला लावू नका."

मी म्हणाले, "अंबूबाई, तुम्ही इथे शिकायला येता, की मला शिकवायला?"

सगळ्या हसल्या. एक जण म्हणाली, "बाईंच्या पडवीत यायचं तर देवीला बी आधी नाव नोंदवाया लागंल." मीही हसले. अंबूबाईने सुई टोपलीत ठेवली आणि ती उठून गेली.

मी पुण्याच्या कॉलेजात शिकलेली आहे. रोग कापडातून जातो हे मला तिच्याइतकेच माहीत होते. माझ्या फळ्यावर पहिला नियम लिहिलेला असतो, जुने कापड उकळून घ्यावे. ते मी उकळले नाही. उकळले असते तर काठाचा लाल रंग निळ्यात उतरला असता, आणि थंडीत वाळायला दोन दिवस गेले असते. बारशाला दुपटे देईन असा माझा शब्द होता आणि ते सर्वांत चांगले दिसावे अशी इच्छा होती. अडाण्यांची भीती म्हणून मी अंबूबाईला गप्प केले.

नंतर मी त्या झोपडीत गेले. त्या बाईची दहा वर्षांची मुलगी त्याच लुगड्यावर आजारी पडून होती आणि त्यावरच गेली. तिला बोल लावू नका. घरातले सर्वांत चांगले कापड तिने मला आणून दिले होते.

बारशाच्या दिवशी तुम्ही ते दुपटे गालाला लावून पाहिलेत आणि बाळाला स्वतः त्यात गुंडाळलेत. रुक्मिणीबाई, त्यात तुमचा दोष नाही. कुसुमचाही नाही.

बाळ नऊ जानेवारीला गेले. त्याच दिवशी मी बोटांवर दिवस मोजले होते. त्यानंतर दहा आठवडे मी गप्प राहिले. अंबूबाईनेही कोणाला सांगितले नाही. बोलू नको असे मी तिला म्हटले नव्हते, पण बोल असेही म्हटले नाही.

काल मी कुसुमकडे गेले आणि हे सगळे तिला सांगितले. दुपटे तिच्या उशाखाली होते. बाळाचे म्हणून तेवढेच तिने ठेवले होते. ते जाळावे लागेल, असे मला तिला सांगावे लागले. तिने ते उशाखालून काढले. मग म्हणाली, "सासूबाईंना लिहा, न्यायला आले तर मी येईन. आणि बाई, तुम्ही आमच्या दारात पुन्हा येऊ नका."

तिचे पहिले म्हणणे मी तुम्हाला कळवले आहे. दुसरे मी पाळीन. ज्योतीरामांना पाठवून तिला घरी न्या. हे पत्र वाटेल त्याला वाचून दाखवा. चार माणसांत हेच तोंडाने सांगायला बोलवाल तेव्हा मी चाकणला येईन.

तुमच्या नातवाच्या मृत्यूला कारण झालेली,
इंदुमती गद्रे

बबनरावांच्या हाती दिले: हे पत्र, पाकीट न चिकटवता; आणि मीरासाहेबांनी सही केलेली तारखांची चिठ्ठी.
कुसुमने माझ्या हाती दिले: दुपटे एक, तिने स्वतः घडी घालून. आज सकाळी मीरासाहेबांच्या समोर जाळले.