मागच्या दाराचा मुकादम

४ फेब्रुवारी

नटाचा घसा बसला! परवा कार्यक्रम, पाच शाळा ऑनलाइन जोडलेल्या, आणि मुकादमच नाही. फोनवर नुसती घरघर — "बाई, माफ करा." माफ करून काय करू? मुलं सगळ्यात जास्त प्रश्न मुकादमालाच विचारतात.

हेडबाईंना अजून वाटतं, मी मुलांना सिनेमा दाखवते. कितीदा सांगितलं — मुलं पडद्यावर त्या शिलाई कारखान्यात शिरतात. बोट लावलं की जिना, यंत्रांच्या रांगा, मागचं दार. मग आम्ही खरी माणसं पात्रं होऊन समोर येतो आणि विचारतील त्याची उत्तरं देतो. शेवटी मतदान — मुकादम दोषी की निर्दोष. बावन्न वर्षांपूर्वी मागच्या दाराला कुलूप होतं म्हणून तेवीस जण जळून गेले. कुलूप कोणी लावलं? चौकशीच्या अहवालात नाव नाही. "एक मुकादम", एवढंच.

५ फेब्रुवारी

अण्णा म्हणाले, "मी करतो."

हसूच आलं. वडिलांचं वय ब्याऐंशी, जन्मात कधी तोंडाला रंग लावलेला नाही. पण तिथे नोकरी केलेली, कारखाना पाठ. आगीच्या दिवशी रजेवर होते म्हणून वाचले — हे ऐकतच मी मोठी झाले. म्हटलं, चष्मा लावा, कागद वाचा, झालं.

"कागद नको," म्हणाले.

६ फेब्रुवारी

कार्यक्रम झाला. जसं घडलं तसं लिहिते.

एका मुलाने विचारलं, "दार का लावलं?" माझ्या संहितेत उत्तर होतं — वरून हुकूम होता. अण्णा म्हणाले, "माणसं चहाला बाहेर सटकायची. मालक माझ्यावर ओरडायचे. म्हणून रोज दोनला कुलूप घालायचो. त्या दिवशी जरा आधीच घातलं. भूक लागली होती."

"आणि आग लागली तेव्हा?"

"समोरच्या खानावळीत होतो. धूर दिसला. किल्ली खिशात होती. पाय उचललेच नाहीत, बाळ. मी बघत बसलो. घास तोंडात तसाच होता."

मग रडले. मी हातातली संहिता चाळतेय. यातला एक शब्द माझा नाही!

मतदान : निर्दोष एकशे एकोणचाळीस, दोषी चार. टाळ्याच टाळ्या. पडदाभर लाल बदाम. हेडबाईंचा लगेच फोन — "अहो, कुठून शोधून काढलात हा नट?"

अण्णा तसेच बसून. म्हणाले, "सोडलं गं मला. हसत हसत सोडलं! तू या पोरांना शिकवतेस तरी काय?"

७ फेब्रुवारी

विचारलं. हो म्हणाले.

८ फेब्रुवारी

 अण्णांना ताट वाढून दिलं आणि मी माझं ताट घेऊन आत गेले.

वीस वर्षं मी त्या मुकादमाला शोधतेय. अहवाल झिजवला. तीनदा दफ्तरखान्यात जाऊन धूळ खाल्ली. आणि तो घरात, माझ्याकडून रक्तदाबाच्या गोळ्या आणून घेतोय!

संध्याकाळी दारातूनच विचारलं, "आईला माहीत होतं?"

"रजेचं तिनेच सुचवलं. म्हणाली, मुलीला कळता कामा नये."

म्हणजे माझ्यासाठी. सगळं माझ्यासाठी! वा!

१० फेब्रुवारी

चौदा तारखेला दुसरा कार्यक्रम, त्याच मुलांसाठी. अण्णा म्हणतात, "त्यांना खरं सांगू दे. मला बघून मत द्या म्हणावं. नटाला नको."

मी म्हटलं, माझी नोकरी जाईल. शेजारी दारात उभं करणार नाहीत. त्या तेवीस जणांची घरं अजून याच गावात आहेत.

"म्हणूनच," म्हणाले.

"बावन्न वर्षं गप्प बसलात ना, मग आणखी थोडी बसा! आता असं किती राहिलंय?"

तोंडातून निघून गेलं. काठी शोधत आत गेले. ती भिंतीलाच टेकलेली होती, पण दिसत नव्हती त्यांना. मी उठून दिली नाही.

नटाचा घसा मोकळा झाला. येतो म्हणाला. बरं झालं.

१२ फेब्रुवारी

पाचही शाळांतून आलेल्या मुलांच्या वह्या तपासल्या. दिलेल्या मताचं कारण लिहा, असा प्रश्न होता. एकशे एकोणचाळीस वह्यांत तेच — आजोबा रडले, आजोबा गरीब होते, आजोबांना सॉरी वाटत होतं.

दोषी म्हणणाऱ्या चौघांतली एक मुलगी. अक्षर कोंबडीच्या पायाचं. लिहिते : "आजोबा चांगले होते. पण दार चांगल्या माणसानेच लावलं असणार. वाईट माणसाच्या हातात किल्ल्या कोण देतं? मला त्यांचा राग आला, आणि त्यांना भेटावंसं पण वाटलं."

शेरा काय द्यावा कळेना. वही उघडीच ठेवली.

१३ फेब्रुवारी

अण्णा जेवले नाहीत. मीही.

१४ फेब्रुवारी

नटाला सकाळीच नको म्हणून कळवलं. अण्णांना माझ्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. पडद्यावर मुलांचे चेहरे एकेक करून उजळले. म्हटलं —

"मुलांनो, आज नाटक नाही. हे माझे वडील. मागचं दार यांनी लावलं होतं. विचारा."