यंत्राला ओळखीची हाक

प्रिय दादा,

आबांचा आवाज पाठव म्हणून तू चारदा फोन केलास. चारही वेळा मी म्हणाले, आवाज साफ करतेय, पाठवते. आज पत्र लिहितेय, कारण फोनवर तू नुसतं 'बोल रोहे' म्हणालास तरी माझी जीभ रेटत नाही. हे पूर्ण वाच, मग काय शिव्या घालायच्या त्या घाल.

दोन वर्षांमागं आम्ही विद्यापीठातली माणसं माइक घेऊन धारूरच्या माळावर आलो होतो, आठवतं? कळपामागं आपलं आपण चालणारं यंत्र करायचं होतं आणि ते आबांची हाक ऐकून थांबणार, वळणार होतं. आबांना म्हटलं, मारा हाक. तर म्हणाले, "म्होरं मेंढरू न्हाई आन् हाक कावून मारू?" शेवटी तू चरायला गेलेला अख्खा कळप चिडचिड करत माघारी आणलास. एका मेंढीनं आमच्या सरांच्या बुटाची नाडी चघळली, तेव्हा आबा लई हसले. ते हसणंही माइकनं टिपलं होतं.

लंगडी मेंढी मागं राहिली की आबा एक लांब हाक द्यायचे आणि ती येईपर्यंत कळप जागचा हलायचा नाही. यंत्राला आम्ही सगळ्यात आधी तीच हाक शिकवली.

त्याच सुमारास मी आणखी एक काम केलं. प्रयोगशाळेचा संगणक आपला पसारा आपणच आवरेल, अशी यंत्रणा बसवली. नियम मी घातला: एखादी फाइल नव्वद दिवस कुणीच उघडली नाही, तर ती कुणाला नको आहे असं समजायचं आणि पुसून टाकायची. जागा वाचावी म्हणून दुसरी प्रतही ठेवायची नाही. केवढं कौतुक झालं माझं!

माघात आबा गेले. तेराव्याला तू सगळ्यांदेखत म्हणालास, ही शिकून दगड झाली, बाप गेला तरी डोळ्यातून टिपूस नाही. मला फार लागलं ते. तोवर यंत्र शिकून झालं होतं, आबांची फाइल आता दुसरं कुणी उघडत नव्हतं. इकडं आल्यावर मी रोज तिच्यापाशी जायचे आणि न उघडताच उठायचे. मला ते ऐकवणारच नाही असं वाटायचं. उद्या ऐकू, म्हणायचे. असं उद्या उद्या करता नव्वद दिवस भरले आणि यंत्रणेनं माझाच नियम पाळला. दादा, आबांची हाक गेली, हसणं गेलं. जुना फोन, सरांचा संगणक, सगळं पालथं घातलं. कुठंच नाही.

परवा विद्यापीठाच्या मैदानात यंत्र चालवलं आणि मीच आबांसारखी हाक दिली. यंत्र थांबलं नाही, सरळ पुढं निघून गेलं. त्याला आबांची हाक ओळखता येते, पण काढून दाखवता येत नाही. मी तिथंच मातीत बसले आणि पहिल्यांदा मोकळी रडले.

माय रोज दिवेलागणीला विचारते ना, रोहिणीनं आवाज धाडला का? तिला मीच समोर बसून सांगेन, ते तुझ्यावर टाकत नाही. पण त्याआधी एकदा इकडं ये. तुझा गळा आबांवर गेलाय, सगळा गाव म्हणतो. तू हाक मार. यंत्र थांबलं, तर ती हाक मायला नेऊन ऐकवू. नाही थांबलं, तरी तुझी हाक मी भरून घेईन. आणि या वेळी रोज उघडून ऐकेन.

तुझीच,
रोहिणी